दुःस्वप्नराज्यांतील नोकरदार

सुखी राज्याचें चित्र रंगविण्याचा छंद मनुष्यास फार जुना आहे. आपल्याकडे त्या चित्रास रामराज्य हें नांव मिळालें. इंग्लंडांत सर थॉमस मोर यानें १५१६ सालीं एका काल्पनिक बेटाचें वर्णन करून त्यास ‘युटोपिया’ म्हटलें. ग्रीक भाषेवरून बनविलेल्या या शब्दाचा सरळ अर्थ ‘कोठेंच नसलेली जागा’ असा होतो, आणि मोरनें तो काहींशा थट्टेनेंच योजिला होता. पुढें साडेतीनशें वर्षांनीं, १८६८ सालीं, जॉन स्टुअर्ट मिल यानें ब्रिटिश पार्लमेंटांत आयर्लंडविषयक सरकारी धोरणाचा समाचार घेतांना याच्या नेमका उलट शब्द वापरला. जें अति चांगलें म्हणून अशक्य, त्यास युटोपिया म्हणतात. सरकारचें धोरण तर अति वाईट म्हणून अशक्य आहे. तेव्हां त्याच्या पुरस्कर्त्यांस ‘डिस्टोपियन’ म्हणणें बरें, असा त्याचा टोला होता. तोच शब्द विसाव्या शतकांत एका साऱ्या वाङ्मयप्रकाराचें नांव होऊन बसला. ज्या कथेंत राज्यव्यवस्था परिपूर्ण असते आणि म्हणूनच मनुष्यास तेथें राहणें असह्य होतें, ती डिस्टोपियाची कथा होय.

प्रश्न असा कीं, लोक अशा कथा हौसेनें कां वाचतात? दिवसभर कचेरींत मान मोडून आल्यावर संध्याकाळीं दिव्याखालीं मनुष्यानें करमणुकीसाठीं पुस्तक उघडावें, आणि त्यांत पहारे, हेर, छळ व पराभव यांवांचून दुसरें कांहीं नसावें, हें वरवर पाहतां विपरीतच दिसतें. याचीं दोन उत्तरें नेहमीं दिलीं जातात. एक असें कीं, हे लेखक भविष्यवेत्ते होते आणि त्यांचें भाकीत कितपत खरें ठरलें हें ताडून पाहण्यांत मौज असते. दुसरें असें कीं, परक्याची भयंकर अवस्था वाचून आपली तितकी वाईट नाहीं असें समाधान लाभतें. पहिलें उत्तर सपशेल अपुरें आहे. १९८४ साल येऊन गेलें, सोव्हिएट संघ १९९१ सालीं लयास गेला, तरी जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी २०१७ च्या जानेवारींत अमेरिकेंत अ‍ॅमेझॉन या विक्रेत्याच्या यादींत पुन्हां पहिल्या क्रमांकावर आली. भाकितासाठीं कोणी मुदत संपलेलें पंचांग विकत घेत नाहीं. दुसरें उत्तर अधिक जवळचें. पण तेंही पुरतें लागू पडत नाहीं. या कथा मिटल्यावर वाचकास समाधान वाटत नसतें. तो अस्वस्थ होतो, आणि तरीही दुसरी मागतो.

या वाङ्मयाचा इतिहास चाळला असतां तिसरेंच एक उत्तर हातीं लागतें. या कथांचा नायक राजा नसतो, सेनापति नसतो, आणि आरंभीं तरी बंडखोरही नसतो. तो नोकरदार असतो. कोणी इंजिनियर, कोणी रसायनशास्त्रज्ञ, कोणी दप्तरखान्यांतला लेखनिक. तो कामांत हुशार असतो, वेळेवर हजर होतो, आणि ज्या यंत्राखालीं पुढें तो स्वतः चिरडला जाणार त्याच यंत्रास रोज निमूटपणें तेल घालीत असतो. आणि या प्रकारच्या दोन सर्वश्रेष्ठ कादंबऱ्या ज्यांनीं लिहिल्या, ते दोघेही लेखक अशाच नोकऱ्यांतून गेलेले होते.

पहिला येवगेनी झाम्यातिन. हा रशियन लेखक पेशानें जहाजबांधणीचा इंजिनियर होता. १८८४ सालीं लेबेद्यान या गांवीं त्याचा जन्म झाला. विद्यार्थिदशेंत तो बोल्शेविक पक्षांत शिरला, १९०५ च्या क्रांतीच्या धामधुमींत पकडला गेला, आणि कांहीं महिने त्यानें एकांतकोठडींत काढिले. १९१६ सालीं झारच्या सरकारनें बर्फ फोडणाऱ्या नौका बांधून घेण्यासाठीं त्यास इंग्लंडला पाठविलें. न्यूकॅसल येथें राहून तो तेथील गोद्यांतल्या कामावर देखरेख करी. ‘सेंट अलेक्झांडर नेव्हस्की’ या नौकेच्या आराखड्यांत त्याचा मोठा हात होता. क्रांतीनंतर संताचें नांव पुसून तिला ‘लेनिन’ हें नांव देण्यांत आलें. इंग्लंडांतील एकसारख्या घरांच्या रांगा आणि रविवारच्या दिवसाची शिस्तबद्ध धर्मनिष्ठा यांचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला. त्यानें एका इंग्रज पाद्र्यावर उपहासकथा लिहिली. हा पाद्री जेवण, प्रार्थना आणि पत्नीचा सहवास या सर्वांचें वेळापत्रक आंखतो, आणि लोकांस मोक्ष सक्तीनें देतां येतो असें मनापासून मानतो. रशियन क्रांतीवरील टीका म्हणून जी कादंबरी पुढें गाजली, तिचें बीज अशा रीतीनें इंग्लंडांतील एका सभ्य, भांडवलशाही, देवभोळ्या शहरांत पडलें होतें, ही गोष्ट विसरली जाते. तिच्या निंदकांनीं ती विसरणें समजण्याजोगें आहे. स्तुतिपाठकांनींही ती विसरावी हें चमत्कारिक होय.

१९१७ च्या सप्टेंबरांत झाम्यातिन रशियास परतला. त्या काळीं तेथें अमेरिकन इंजिनियर फ्रेडरिक टेलर याच्या विचारांची मोठी चलती होती. कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजावी, तींतील निरर्थक भाग काढून टाकावा, आणि उरलेली हालचाल सर्वांस सारखी शिकवावी, अशी पद्धति टेलरनें १९११ सालीं पुस्तकरूपानें मांडली होती. पूर्वीं तिची निंदा करणाऱ्या लेनिननेंच १९१८ सालीं ती रशियांत आजमावण्याचा आग्रह धरला. अलेक्सेइ गास्तेव्ह नांवाचा कामगारकवि तर मनुष्य आणि यंत्र यांच्या एकजीव होण्याचीं स्तोत्रें गात असे. १९२० सालीं त्यानें मॉस्कोस श्रमशास्त्राची संस्थाच काढली. याच सुमारास, १९२० व १९२१ या वर्षांत, झाम्यातिनची ‘आम्ही’ ही कादंबरी लिहून झाली.

हजार वर्षांनंतरचें एकमेव राज्य तींत वर्णिलेलें आहे. तेथील माणसांस नांवें नाहींत; क्रमांक आहेत. घरें कांचेचीं आहेत, म्हणजे लपविण्यासारखें कोणाजवळ कांहीं उरत नाहीं. गुलाबी चिठ्ठी मिळाल्यावर ठराविक वेळेपुरता पडदा ओढण्याची तेवढी मुभा. सर्वजण एकाच क्षणीं उठतात, एकाच क्षणीं घांस तोंडांत घालतात, आणि प्रत्येक घांस नियमाप्रमाणें पन्नास वेळां चावतात. दिवसांतून दोन तास मात्र ज्याचे त्यास मोकळे आहेत, आणि हे दोन तासही एके दिवशीं हिशेबांत बसतील अशी नायकास आशा आहे. त्याचें नांव, म्हणजे क्रमांक, डी-५०३. तो गणिती आहे आणि राज्याच्या अंतराळयानाचा मुख्य इंजिनियर आहे. प्राचीन लोकांनीं मागें ठेवलेल्या वाङ्मयांत त्यास सर्वश्रेष्ठ कोणता ग्रंथ वाटतो, तर रेल्वेचें वेळापत्रक! वाचक येथें हंसतो, आणि हंसतां हंसतां भिंतीवरील घड्याळाकडे त्याची नजर जाते.

या कादंबरीची खरी खुबी तिच्या रचनेंत आहे. ती डी-५०३ च्या टिपणांच्या रूपानें सांगितलेली आहे, आणि हीं टिपणें गुप्त नाहींत. निदान आरंभीं नाहींत. इतर ग्रहांवरील अडाणी जीवांस राज्याची थोरवी कळावी म्हणून यानांतून नेण्यासाठीं सर्वांनीं कांहींतरी लिहावें, असें सरकारी पत्रकांतून आवाहन होतें, आणि हा आज्ञाधारक इंजिनियर लेखणी उचलतो. सरकारी अहवाल म्हणून आरंभिलेलें हें लिखाण आय-३३० या स्त्रीची गांठ पडल्यावर हळूहळू बिघडत जातें. वाक्यें तुटूं लागतात, उपमा शिरतात, स्वप्नें पडतात. वैद्य तपासून सांगतो कीं, रोग कठीण आहे, आत्मा उत्पन्न झाला आहे. ज्यानें आयुष्यांत कधीं अहवाल लिहिला असेल आणि लिहितां लिहितां त्यांत न बसणारा एखादा शब्द खोडला असेल, त्यास हें बिघडणें परकें वाटत नाहीं. अखेरीस राज्य कल्पनाशक्ति नाहींशी करण्याची शस्त्रक्रिया शोधून काढतें. ती झाल्यावर डी-५०३ आपल्या प्रियेचा छळ शांतपणें पाहतो आणि पुन्हां नीटनेटकीं वाक्यें लिहूं लागतो. नीट झालेलें तें गद्य वाचणें हें या पुस्तकांतील सर्वांत भयंकर ठिकाण होय.

कादंबरी रशियांत छापूं दिली गेली नाहीं. १९२२ सालीं झाम्यातिनला पुन्हां अटक झाली, आणि झारनें ज्या तुरुंगांत कोंडलें होतें त्याच तुरुंगांत, त्याच ओवरींत, क्रांतीनेंही त्याची सोय केली. १९२४ सालीं पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कला निघालें. १९२७ सालीं प्राग येथील एका रशियन मासिकानें कांहीं भाग मूळ भाषेंत छापला, आणि लेखकास त्रास होऊं नये म्हणून तो चेक भाषांतरावरून उलट रशियनमध्यें आणला आहे असा देखावा केला. उपयोग झाला नाहीं. १९२९ सालीं त्याच्याविरुद्ध वृत्तपत्रांतून गहजब उडाला, नाटकें बंद पडलीं, पुस्तकें ग्रंथालयांतून उचललीं गेलीं. १९३१ सालीं त्यानें स्टॅलिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली. मॅक्सिम गॉर्कीनें शब्द टाकला, आणि ती मिळाली. १९३७ च्या मार्चमध्यें तो पॅरिसांत वारला. त्याच्या मायभूमींत ‘आम्ही’ छापली गेली ती १९८८ सालीं.

दुसरा लेखक जॉर्ज ऑर्वेल. त्याचें खरें नांव एरिक ब्लेअर. १९०३ सालीं बिहारांतील मोतिहारी येथें तो जन्मला. वडील सरकारच्या अफू खात्यांत नोकर. वयाच्या विसाव्या वर्षापूर्वींच तो ब्रह्मदेशांत पोलीस अधिकारी झाला आणि पांच वर्षांनीं तें काम सोडून परतला. म्हणजे साम्राज्याच्या यंत्राचा एक दांता तो तरुणपणींच होऊन चुकला होता. परंतु ‘१९८४’ या कादंबरीस अधिक जवळची अशी त्याची दुसरी नोकरी होती, आणि तिचा महाराष्ट्राशीं प्रत्यक्ष संबंध येतो.

१९४१ च्या ऑगस्टांत ऑर्वेल बी. बी. सी. च्या पौर्वात्य विभागांत रुजू झाला. झुल्फिकार अली बुखारी यांच्या हाताखालीं हिंदुस्थानासाठीं भाषणें योजणें आणि युद्धाचा साप्ताहिक वृत्तांत लिहिणें हें त्याचें काम. त्यानें इंग्रजींत लिहिलेलीं वार्तापत्रें हिंदी भाषांतून नभोवाणीवर वाचलीं जात, आणि त्यांत मराठीही होती. मराठी भाषांतर आणि वाचन करणाऱ्यांत वेणू चितळे या होत्या. पुढें १९५० सालीं पुण्याच्या एका ब्राह्मण घराण्याच्या तीन पिढ्यांवर त्यांनीं ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. प्रत्येक भाषण आधीं लिहून, धोरणाच्या व सुरक्षिततेच्या दृष्टीनें तपासून घ्यावें लागे. मंजूर मजकुराबाहेर कोणी गेलाच तर ध्वनि तोडण्यासाठीं बटणापाशीं माणूस बसलेला असे.

त्या दिवसांत हें काम किती अवघड होतें याची कल्पना १९४२ चा ऑगस्ट आठवल्यास येईल. ता. ९ रोजीं महात्मा गांधींसह काँग्रेसचे पुढारी पकडले गेले आणि गांधीजींस पुण्यास आगाखान महालांत ठेवण्यांत आलें. त्याच महिन्याअखेर उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला; पोलिसांस चुकवीत, जागा बदलीत तो नोव्हेंबरच्या ता. १२ पर्यंत बोलत राहिला. साम्राज्यशाहीचा तिटकारा असलेला ऑर्वेल तिकडे लंडनांत बसून त्याच हिंदुस्थानांतील श्रोत्यांसाठीं सरकारमान्य मजकूर लिहीत होता. हिटलरचा पराभव आधीं, असें त्याचें मत होतें, आणि तें प्रामाणिक होतें. आपण नसतों तर हा प्रचार याहून ओंगळ झाला असता, अशी त्यानें स्वतःची समजूत घातली. सचोटीचा नोकरदार याहून निराळें काय म्हणणार? १९४३ च्या सप्टेंबरांत राजीनामा देतांना मात्र त्यानें स्पष्ट लिहिलें कीं, ज्याचें कांहीं फळ नाहीं अशा कामावर आपण आपला वेळ आणि जनतेचा पैसा दवडीत आहों. हिंदुस्थानांत रेडिओयंत्रेंच थोडीं. ऐकणारे किती, हेंही कोणास ठाऊक नव्हतें.

या अनुभवाची सामग्री ‘१९८४’ मध्यें जागोजाग दिसते. कादंबरींतील अभद्र ‘खोली क्रमांक १०१’ हिचा आंकडा पौर्वात्य विभागाच्या सभा जेथें भरत त्या खोलीवरून घेतलेला आहे असें मानलें जातें. इतक्या भीषण जागेस सभेच्या खोलीचा आंकडा देण्यांतील विनोद सभांस बसणाऱ्यांस सहज कळेल. सत्यमंत्रालयाची प्रचंड इमारत लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसवरून सुचली. तेथें युद्धकाळांत प्रचारखातें होतें आणि ऑर्वेलची पत्नी त्याच्या तपासणी शाखेंत काम करीत असे. ऑग्डेन यानें काढलेल्या ८५० शब्दांच्या ‘बेसिक इंग्लिश’विषयीं ऑर्वेलला प्रथम आस्था होती, कादंबरींत तिच्याच जातीची ‘न्यूस्पीक’ भाषा येते, आणि शब्द कमी करीत जाऊन विचार करणेंच अशक्य करावें हें तिचें उद्दिष्ट असतें.

नायक विन्स्टन स्मिथ सत्यमंत्रालयाच्या दप्तरशाखेंत आहे. कालच्या वृत्तपत्रांतील मजकूर आजच्या धोरणाशीं जुळेल असा मागाहून बदलणें हें त्याचें काम. येथें एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेंतून निसटते: विन्स्टनला हें काम आवडतें. त्याच्या रूक्ष आयुष्यांतील मोठ्यांत मोठा आनंद तोच आहे. एखादें कठीण प्रकरण हातीं आलें कीं तो त्यांत रंगून जातो, आणि कधींच न जन्मलेल्या एका वीराचें चरित्र कांहीं मिनिटांत रचून टाकतो. राज्याचा द्वेष करणारा मनुष्य राज्याचें खोटें काम कलावंताच्या तन्मयतेनें करतो! हें बाहेरून पाहून सुचणारें नव्हे. कचेरींत दिवस घालविलेल्या लेखकासच तें सुचूं शकतें, आणि तसे दिवस घालविणाऱ्या वाचकास तें बोंचतें.

ऑर्वेलनें ‘आम्ही’ चें फ्रेंच भाषांतर मिळवून वाचलें आणि १९४६ च्या जानेवारींत ‘ट्रिब्यून’ पत्रांत त्यावर लेख लिहिला. आल्डस हक्सलेची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) थोडीबहुत याच पुस्तकावरून निघाली असावी, असें त्यानें म्हटलें; हक्सलेनें तें नाकारलें. हक्सलेजवळ आपली स्वतःची सामग्री होतीच. १९२५-२६ च्या हिंदुस्थान व अतिपूर्वेच्या प्रवासांत जहाजावरील पुस्तकसंग्रहांत त्यास हेन्री फोर्डचें आत्मचरित्र सांपडलें. १९३१ सालीं त्यानें बिलिंगहॅम येथील अवाढव्य रसायनकारखाना पाहिला. त्याच्या राज्यांत छळ नाहीं. मुलें बाटल्यांतून जन्मतात, पट्ट्यावरून सरकतात, आणि जन्मापूर्वींच त्यांचा वर्ण ठरलेला असतो. अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत पांच वर्ण, आणि प्रत्येकास आपल्याच वर्णांत धन्यता वाटेल अशी शिकवण झोंपेंत कानांत ओतलेली. इंग्रज वाचकास ही कल्पना विज्ञानाची वाटते. ज्या देशांत डॉ. आंबेडकरांस १९३६ सालीं जातिनिर्मूलनावरील आपलें न झालेलें भाषण स्वतः छापावें लागलें, तेथील वाचकास तींत अपरिचित असें फारसें कांहीं नाहीं. नवी आहे ती फक्त बाटली.

हक्सले एकेकाळीं ईटन शाळेंत फ्रेंच शिकवी, आणि एरिक ब्लेअर त्याचा विद्यार्थी होता. ‘१९८४’ प्रसिद्ध झाल्यावर १९४९ च्या ऑक्टोबरांत गुरूनें शिष्यास पत्र लिहून पुस्तकाची वाखाणणी केली आणि बजाविलें कीं, राज्यकर्ते लवकरच लाथांपेक्षां सुखाचा मार्ग पसंत करतील, कारण तो कमी खर्चाचा आहे. तीनच महिन्यांनीं ऑर्वेल क्षयानें वारला. दोघांत खरा कोण, हा वाद अजून चालतो. पण दोन्ही पुस्तकें लागोपाठ वाचणाऱ्यास तो वाद फारसा महत्त्वाचा वाटणार नाहीं. हक्सले बुद्धीस अधिक खिजवितो; ऑर्वेल अधिक जिव्हारीं लागतो. कादंबरी म्हणून ऑर्वेलची श्रेष्ठ, आणि झाम्यातिनची त्याहूनही नवी.

या प्रकारची गोडी नुकती लागलेल्यानें मात्र या तीन ग्रंथांपासून आरंभ करूं नये. ई. एम. फॉर्स्टरची ‘द मशीन स्टॉप्स’ ही १९०९ ची दीर्घकथा एका बैठकींत वाचून होते. पृथ्वीच्या पोटांत एकेका खोलींत एकेक मनुष्य राहतो, यंत्र त्यास सर्व पुरवितें, आणि लोक आपापल्या खोलींतून एकमेकांस छोटीं छोटीं व्याख्यानें ऐकवितात. नभोवाणी अस्तित्वांत येण्यापूर्वीं हें लिहिलें गेलें. विनोद असा कीं, हाच फॉर्स्टर युद्धकाळांत ऑर्वेलच्या विभागांतून हिंदुस्थानास पुस्तकांवर व्याख्यानें ऐकवीत असे! थोरल्या पातीच्या देवास संस्थानांत, मराठे पवारांच्या दरबारीं, १९२१ सालीं त्यानें महाराजांचा खाजगी कारभारीही होऊन पाहिलें होतें.

ज्यास हंसत हंसत भय अनुभवावयाचें आहे त्यानें कारेल चापेक वाचावा. ‘रोबोट’ हा शब्द त्याच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकानें जगास दिला. प्रागला त्याचा पहिला प्रयोग १९२१ च्या जानेवारींत झाला. शब्द सुचविला त्याचा भाऊ योसेफ यानें, आणि चेक भाषेंत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. नाटकापेक्षां सरस आहे ती ‘वॉर विथ द न्यूट्स’ ही १९३६ ची कादंबरी. समुद्रांतील बुद्धिमान सरड्यांस माणसें आधीं मोतीं काढावयास लावतात, मग बंदरें बांधावयास, मग शस्त्रें देतात. शेवटीं त्यांस राहावयास उथळ समुद्र हवा म्हणून खंडेंच बुडूं लागतात. यांतही एक नोकरदार आहे. पोवोन्द्रा नांवाच्या दरवानानें पहिल्या दिवशीं एका खलाशास शेठजींच्या भेटीसाठीं आंत सोडलें होतें. पुढें तो म्हातारा सर्व कात्रणें जमवीत बसतो, आणि आपण दार उघडलें नसतें तर हें झालें नसतें, या विचारानें झुरतो. चापेक १९३८ च्या नाताळांत वारला. प्राग घेतल्यावर जर्मन पोलीस त्यास पकडावयास गेले तेव्हां तो मरून गेल्याचें त्यांच्या दप्तरीं नोंदलेलें नव्हतें. योसेफ मात्र त्यांच्या हातीं लागला, आणि १९४५ सालीं बर्गेन-बेल्सेनच्या छावणींत त्याचा अंत झाला.

स्वीडिश कवयित्री कारिन बोये हिची ‘कालोकाइन’ (१९४०) अजून आपल्याकडे व्हावी तितकी वाचली गेलेली नाहीं. लिओ काल हा राजनिष्ठ रसायनशास्त्रज्ञ खरें बोलावयास लावणारें औषध शोधून काढतो आणि बढतीच्या आशेनें सरकारपुढें ठेवतो. मग संशयानें ग्रासून तो तें स्वतःच्या पत्नीस टोंचतो. ती जें बोलते त्यापेक्षां, औषध उतरल्यावर आपल्या खुषीनें त्यास जें सांगते, तें अधिक मोलाचें आहे. या एका प्रकरणासाठीं पुस्तक मिळवून वाचावें. रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) मध्यें आगीचा बंब घेऊन जाणारे लोक आग विझवीत नाहींत, पुस्तकें जाळतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरांत भाड्याच्या टंकयंत्रावर, दर अर्ध्या तासास नाणें टाकून, त्यानें ही कथा लिहिली. वाचतांना एवढें ध्यानीं ठेवावें कीं, त्यांतील नायकाचा वरिष्ठ जो इतिहास सांगतो त्याप्रमाणें जाळण्याचा हुकूम मागाहून आला. वाचणें लोकांनीं आधींच सोडलें होतें.

येथवरच्या बहुतेक कथांत राज्याचा कांटा पुरुष नोकरदाराच्या उरांत रुतलेला आहे. स्त्री त्यास जागें करावयास येते आणि बहुधा त्यासाठीं प्राण गमावते. ही या परंपरेची मोठी उणीव होय, आणि ती स्त्रियांनींच भरून काढिली. कॅथरिन बर्डेकिन हिनें १९३७ सालीं, म्हणजे युद्धास तोंड लागण्यापूर्वीं, ‘स्वस्तिका नाइट’ लिहिली. हिटलरच्या विजयानंतर सातशें वर्षांनीं स्त्रिया केवळ प्रजोत्पादनासाठीं गुरांसारख्या कोंडलेल्या आहेत आणि पूर्वीं त्या कशा होत्या हें त्यांस स्वतःसही आठवत नाहीं. पुस्तकावर नांव मात्र मरे कॉन्स्टंटाइन या पुरुषाचें घातलेलें होतें. खऱ्या लेखिकेचा उलगडा तिच्या मृत्यूनंतर, १९८० नंतरच्या दशकांत झाला.

मार्गारेट अ‍ॅटवुड हिची ‘द हँडमेड्स टेल’ ही १९८५ ची कादंबरी पश्चिम बर्लिनमध्यें, भिंतीच्या सावलींत, १९८४ सालीं लिहावयास घेतली गेली. इतिहासांत कोठें ना कोठें जें घडलेलें नाहीं असें कांहींही त्यांत घालावयाचें नाहीं, असा लेखिकेनें नियम केला होता. तिची नायिका पूर्वीं एका ग्रंथालयांत नोकरीस असते. एके दिवशीं सर्व बायकांस एकदम कामावरून काढलें जातें, आणि साहेब तें सांगतांना जवळजवळ क्षमा मागतो. विन्स्टनच्या कहाणींत नोकरी हा पिंजरा होता. येथें नोकरी जाणें ही पिंजऱ्याची पहिली सळई आहे. पुढची सारी हकीगत ती गुप्तपणें ध्वनिफितींवर बोलून ठेवते.

कादंबरीच्या अखेरीस जोडलेला भाग पुष्कळ वाचक कंटाळून सोडतात. तो सोडूं नये. सन २१९५. तें राज्य केव्हांच लयास गेलें आहे आणि एका विद्यापीठांत त्यावर परिषद भरली आहे. त्या स्त्रीच्या तीसएक फिती सांपडल्या आहेत, आणि एक विद्वान प्राध्यापक त्यांवर निबंध वाचीत आहे. फितींचा क्रम कसा लाविला, त्या बनावट नसाव्यात असें कां वाटतें, हें तो बारकाईनें सांगतो. मधून मधून कोट्या करतो, आणि सभागृह हंसतें. त्यास हवी आहे ती तिच्या मालकाची माहिती, म्हणजे त्या राज्यांतील अधिकाऱ्याची. त्याच्या खाजगी गणकयंत्रांतून छापलेलीं वीस पानें जरी हातीं लागलीं असतीं तरी केवढें काम झालें असतें, अशी हळहळ तो व्यक्त करतो. ती स्त्री पुढें सुटली कीं सांपडली, याविषयीं त्याच्याजवळ टिपण नाहीं.